हेडबोल्ट जुनेच चालतील का? आधी आवळायची पद्धत बघा, मग ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी २०१४ची स्विफ्ट डिझेल, १.३ लिटरचं इंजिन. आंबा घाट चढताना इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची होज (रबरी नळी) फुटली, तापमानाचा लाल दिवा लागला आणि जागा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत तीनेक मिनिटं गेली. त्यानंतर कूलंटच्या टाकीत बुडबुडे यायला लागले, कूलंट कमी व्हायला लागलं, म्हणून हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण, उतरवलं. ते ब्लॉकला आवळून धरणाऱ्या हेडबोल्टांबद्दल मिस्त्री म्हणतात, "बोल्ट एकदम सरळ आहेत, एकालाही गंज नाही, हेच घालू." दुकानदार म्हणतो नवा संच घ्या. मिस्त्री तीस वर्षांचे अनुभवी, दुकानदाराला माल विकायचाय, आणि तुम्ही मधल्या मध्ये.

तुमच्या गाडीपुरतं उत्तर असं: नवे बोल्ट घ्या. पण ‘हेडबोल्ट नेहमी नवेच घालायचे’ असा सरसकट नियम मी सांगणार नाही, कारण तो खरा नाही. आणि तुमचे मिस्त्री तुम्हाला फसवताहेत असंही समजू नका. ज्या इंजिनांवर त्यांचा हात बसला त्यांत तेच बरोबर होतं. मी स्वतः ॲम्बॅसेडर आणि जीपच्या इंजिनांवर शिकलो. ॲम्बॅसेडरच्या ब्लॉकमध्ये स्टड, म्हणजे कायम बसवलेले आट्यांचे दांडे, असायचे आणि वरून नट. हेड वीस वेळा उतरवा, स्टड तेच. आटे साफ करायचे, थोडं ऑइल लावायचं, टॉर्क पान्यानं आवळायचं, पाचशे किलोमीटर झाले की गिऱ्हाइकाला परत बोलावून पुन्हा एकदा पाना फिरवायचा. त्या सवयीत काही चूक नव्हती. फक्त तुमच्या गाडीचा बोल्ट त्या जातीचा नाही.

खरा प्रश्न ‘बोल्ट चांगला दिसतोय का’ हा नाहीच. तो बोल्ट मागच्या वेळी किती ताणला गेला, हा आहे.

हेडबोल्टला आपण खिळ्यासारखा समजतो, पण तो असतो स्प्रिंग. आवळला की तो लांब होतो आणि परत आखूड व्हायला बघतो. त्या ओढीनं हेड, मधलं गास्केट (फट बंद करणारा पातळ थर) आणि ब्लॉक एकमेकांना दाबून धरतात. ही ओढ किती मोठी असते ते बघा. डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा दर्जा लिहिलेला दहा मिलिमीटरचा एक बोल्ट जवळजवळ पाच टनांची ओढ धरू शकतो. दुसरीकडे डिझेल पेटतं त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब १५० बारच्या घरात जातो. तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिलिमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरमधून हेडला वर उचलायचा जोर पावणेसहा टनांच्या आसपास येतो. दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला हजार वेळा होतं. ओढ कमी पडली की हेड केसभर उचलतं, त्या फटीतून गॅस कूलंटमध्ये शिरतो, आणि तुमच्या टाकीतले बुडबुडे ते हेच.

आता पूर्वीच्या पद्धतीतली अडचण. टॉर्क पाना ओढ मोजत नाही, फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्या जोरातला मोठा भाग, ढोबळमानानं शंभरातला नव्वद, बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात जातो. बोल्ट ताणायला उरतात दहा. त्यामुळे एका बोल्टचे आटे कोरडे आणि दुसऱ्याचे ऑइल लावलेले असले, तर पाना दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो आणि ओढ मात्र वेगवेगळी बसते. जाड, मऊ गास्केट होतं तोवर हे खपून जायचं. पुढे ॲल्युमिनियमची हेड आली, पोलादी पत्र्यांच्या थरांची गास्केट आली, डिझेलचे दाब वाढले. मग कंपन्यांनी पद्धत बदलली: आधी थोडा टॉर्क द्यायचा, म्हणजे सगळे बोल्ट सारखे टेकतात, आणि मग आकडा सोडून अंश मोजून फिरवायचं. नव्वद अंश, परत नव्वद अंश. आट्यांत घर्षण कितीही असो, नव्वद अंश म्हणजे नव्वद अंश.

याचा बोल्टवर काय परिणाम होतो ते एका साध्या हिशेबानं कळतं. समजा बोल्ट १३० मिलिमीटर लांब आणि आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. दोन वेळा नव्वद म्हणजे अर्धा फेरा, म्हणजे पाऊण मिलिमीटर. त्यातला थोडा भाग गास्केट आणि हेड दबण्यात जातो. पण १०.९चा एवढा बोल्ट लवचीकपणे, म्हणजे सोडल्यावर पहिल्या लांबीवर येईल अशा बेतानं, साधारण अर्धा मिलिमीटरच ताणता येतो. सुरुवातीच्या टॉर्कमध्ये तो थोडा ताणून झालेलाच असतो. उरलेला ताण कायमचा. स्प्रिंग जास्त ओढली की सैल पडते, तसंच. फक्त इथे ते मुद्दाम केलेलं असतं, कारण त्या पल्ल्यात बोल्ट थोडा कमी-जास्त फिरला तरी ओढ फारशी बदलत नाही. दहाही बोल्ट जवळपास सारखे बसतात. किंमत एवढीच, की दर वेळी बोल्ट थोडा लांब आणि थोडा बारीक होतो.

तुमचे बोल्ट असे एकदा कारखान्यात ताणले गेले. दुसऱ्यांदा ते ताणले गेले आंबा घाटात, आणि याचा विचार सहसा कुणी करत नाही. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, बोल्ट पोलादी आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टच्या डोक्याखाली १०० मिलिमीटर उंचीचं हेड धरलं आणि इंजिन थंडीतून नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ८० अंशांनी वर गेलं, तर हेड बोल्टपेक्षा ०.०९ मिलिमीटर जास्त फुगतं. रोजच्या चालण्यात हा हिशेब धरलेला असतो. पण पाणी निघून गेल्यावर ॲल्युमिनियम कितीतरी जास्त तापतं, बोल्टला आणखी ओढतं आणि स्वतःही बोल्टच्या डोक्याखाली दबतं. मग गाडी थंड झाली की हेड आकसतं, बोल्ट मात्र लांबलेलाच राहतो. म्हणून गंज नसलेला, सरळ, चकचकीत बोल्टसुद्धा संपलेला असू शकतो.

मिस्त्रींना एक विचारून घ्या: हेड खोलताना सगळे बोल्ट सारख्या जोरानं सुटले का? चांगला बसलेला बोल्ट सुटताना ‘कट्ट’ असा आवाज करतो, हाताला झटका बसतो. एखादा आवाज न करताच सहज फिरला असेल, तर तो कुठल्या जागेवरचा होता ते आठवायला सांगा. बहुतेक वेळा गास्केट त्याच जागेच्या आसपास जळालेलं सापडतं.

मी ही चूक स्वतः केलेली आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक डिझेल सेडान होती. मालकांना पंढरपूरला जायचं होतं, तारीख ठरलेली. नवा बोल्टसंच पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. मी जुने बोल्ट धुतले, हातात घेऊन बघितले, ठीक वाटले. म्हटलं चालून जाईल. आठ बोल्ट नीट बसले. नवव्याला दुसरे नव्वद अंश देताना पाना मऊ लागला. ज्यानं हे अनुभवलंय त्याला कळेल. चांगला बोल्ट शेवटपर्यंत हाताला विरोध करतो, तो वाढत जातो किंवा निदान टिकतो. हा मात्र ओली माती फिरवावी तसा फिरायला लागला. तिथेच थांबायला हवं होतं. मी फिरवत राहिलो आणि तो तुटला, ब्लॉकच्या तोंडापासून दोन इंच खाली. तुटका तुकडा काढायला दीड दिवस गेला: हेड परत उतरवलं, गाइड बुश करून बरोबर मधोमध भोक पाडलं, उलट्या पिळाचं ड्रिल लावलं. नवं गास्केट दाबलं गेलं होतं, तेही गेलं. मालक पंढरपूरला एसटीनं गेले. बोल्टची वाट बघितली असती तर गाडी त्याआधी तयार झाली असती. आणि हे नशीब चांगलं म्हणायचं, कारण तो गॅरेजमध्ये तुटला. न तुटता कमी ओढीवर बसला असता, तर चार महिन्यांनी तेच गास्केट परत गेलं असतं आणि दोष लागला असता गास्केटला.

मग जुने बोल्ट कधी वापरता येतात? हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलवर आहे आणि त्यात तीन प्रकार दिसतात. पहिला, नुसत्या टॉर्कच्या आकड्यावर आवळायचे बोल्ट. आटे शाबूत, मान बारीक झालेली नाही, तर खुशाल वापरा. दुसरा, मोजून ठरवायचे. टाटाच्या ट्रकमध्ये येणारं कमिन्स बी सिरीजचं इंजिन घ्या. त्यातसुद्धा शेवटी अंश मोजून फिरवायचं असतं, तरी बोल्टची मोकळी लांबी दिलेल्या मर्यादेच्या आत असेल तर परत घालायला परवानगी आहे. काही जपानी पेट्रोल इंजिनांत आट्यांच्या भागावर दोन ठिकाणी जाडी मोजायला सांगतात. ताणलेला बोल्ट एका जागी बारीक झालेला सापडतो आणि दोन मापांतला फरक मर्यादेबाहेर गेला की बदलायचा. तिसरा प्रकार, सरळ ‘नवेच घाला’ असं लिहिलेले. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाचं उदाहरण देतो: ४० न्यूटन-मीटर, मग ६०, मग ९० अंश, मग परत ९० अंश, आणि दर वेळी नवे बोल्ट. हे आकडे त्या इंजिनाचे आहेत, तुमच्या गाडीला लावू नका.

म्हणजे ‘अंशांनी आवळतात, म्हणून फेकायचेच’ हेही पूर्ण खरं नाही. मात्र मॅन्युअल हाताशी नसेल, बोल्ट अंशांनी आवळायचे असतील, आणि गाडी तापलेली असेल किंवा आधी हेड कुणी उतरवलं होतं हे माहीत नसेल, तर मी जुन्या बोल्टवर गिऱ्हाइकाचं इंजिन बंद करत नाही. तुमच्या गाडीत यातल्या दोन गोष्टी नक्की आहेत.

तरी एक प्रयोग घरबसल्या करून बघा. नवा संच आला की काचेच्या तुकड्यावर सगळे जुने बोल्ट डोक्यावर उभे करा आणि शेजारी एक नवा ठेवा. वरून पट्टी टेकवली की लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. मग त्याच आट्यांचा नट प्रत्येक जुन्या बोल्टवर बोटांनी फिरवा. जिथे आटे ताणलेत तिथे तो अडतो. फरक दिसला नाही तर बोल्ट चांगले होते असा अर्थ काढू नका. दिसला तर मिस्त्रींना दाखवा. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे असंच शिकवतो, कारण तोंडानं सांगितलेलं पटत नाही आणि काचेवर उभा राहिलेला लांब बोल्ट पटतो.

दुकानात एक तिसरा पर्याय सुचवला जाईल: मापाचे हाय-टेन्साइल बोल्ट हार्डवेअरवाल्याकडून आणा, १२.९चे, ‘कंपनीपेक्षा भारी’. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात वाटेल तो बोल्ट मिळतो आणि खात्रीचा मिळतो, पण हेडला तो घालू नका. नव्वद-नव्वद अंशांचा हिशेब विशिष्ट धातूच्या, विशिष्ट जाडीच्या बोल्टसाठी केलेला असतो. १२.९चा बोल्ट तेवढ्याच अंशांत जास्त ओढ घेतो, आणि ती ओढ सहन करायची असते ब्लॉकमधल्या बिडाच्या आट्यांना. बोल्ट टिकेल, ब्लॉकचे आटे जातील. डोक्याखालची बैठक आणि वॉशरही वेगळा असतो.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. नवे बोल्ट घालून फसलेली हेड मी जुने बोल्ट घालून फसलेल्या हेडांपेक्षा जास्त बघितली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा ब्लॉकमधली भोकं. हेड उचललं की कूलंट आणि ऑइल त्या भोकांत उतरतं. भोक खाली बंद असतं. त्यात बोल्ट फिरवत गेलात की खालच्या द्रवाला जायला जागा नाही. पाना आकडा दाखवतो, पण बोल्ट हेडला नव्हे, त्या पाण्याला दाबत असतो. जोर वाढवला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. तसा एक ब्लॉक मी बघितला आहे, भोकापासून वॉटर जॅकेटपर्यंत, म्हणजे ब्लॉकमधल्या कूलंटच्या वाटेपर्यंत, तडा गेलेला. म्हणून प्रत्येक भोकात हवा मारायची, डोळ्याला चष्मा लावून, वर फडकं धरून. मग पातळ सळईला कापड गुंडाळून तळाशी टेकवायचं आणि कोरडं बाहेर येईपर्यंत करत राहायचं. दहाच्या दहा भोकं.

आटे साफ करायला धारदार टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका. तो मळ काढता काढता धातूही काढतो आणि आटे सैल होतात. तुमचे जुने बोल्ट इथे कामाला येतील: त्यातल्या एकाला आट्यांवरून उभ्या दोन-तीन खाचा ग्राइंडरनं पाडा आणि तो हातानं प्रत्येक भोकात वर-खाली फिरवा. मळ खाचांत भरतो, आट्यांना इजा होत नाही. हा बोल्ट नंतर जपून ठेवायला मिस्त्रींना द्या.

बसवताना आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा हलका हात, बोल्टवरून थेंब गळणार नाही इतकाच. कारखान्यातून आधीच काही लावून आलेलं असेल तर तेही नको. ग्रीस किंवा मॉलीची पेस्ट ‘जास्त गुळगुळीत’ म्हणून लावू नका, ओढ हिशेबाबाहेर जाते. आवळायचा क्रम मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. अंशांचं गेज मिस्त्रींकडे नसेल तर हरकत नाही. पहिला टॉर्क झाला की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एकाच दिशेला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. नव्वद अंश झाले की सगळे ठिपके एका बाजूला वळलेले दिसले पाहिजेत. एखादा राहिला तर लगेच कळतो. आणि पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायला बोलावलं तर नम्रपणे नको म्हणा. या बोल्टला तो पाना लागला की पुन्हा ताण बसतो.

हेडबद्दल थोडक्यात. ते सरळ आहे का हे पट्टी आणि फीलर गेजनं लांबीत, रुंदीत आणि तिरकं बघायचं, ०.०५ मिलिमीटरचं पातं पट्टीखाली सहज शिरत असेल तर थांबून विचार करायचा. ब्लॉकचं तोंडही तसंच बघायचं, ते सगळे विसरतात. लेथवाल्याकडे नेण्याआधी या हेडला प्लेनिंग (तोंड कापून सपाट करणं) चालतं का हे विचारा, कारण काही डिझेल हेडना कंपनीची परवानगीच नसते. गास्केट घेताना जुन्यावरच्या खाचा किंवा भोकांच्या खुणा जुळवा. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यानुसार गास्केटची जाडी बदलते आणि त्या खुणा जाडी सांगतात. वर सांगितलेल्या टीडीआयमध्ये पिस्टन ०.९१ ते १.०० मिलिमीटर वर येत असेल तर एका भोकाचं गास्केट, १.०१ ते १.१० असेल तर दोन भोकांचं.

खर्चाचं म्हणाल तर बोल्टचा संच हा या सगळ्या बिलातला लहान आकडा आहे. मजुरी, गास्केट, हेडचं काम, कूलंट, ऑइल हे सगळं परत करावं लागणं म्हणजे पहिलं बिल दुसऱ्यांदा भरणं. फक्त संच ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. नकली बोल्ट जुन्या बोल्टपेक्षा वाईट.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला सापडली नाही. होज फुटली एवढं लिहिलंय, पण ती का फुटली? दहा वर्षांची म्हणून कडक होऊन फुटली असेल तर सगळ्या होज आणि क्लिप एकदम बदला आणि विषय मिटला. पण थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल, रेडिएटर आतून बुजला असेल किंवा टाकीच्या झाकणाचा व्हॉल्व्ह उघडत नसेल, तर होज फुटली ती दाबानं, आणि तो दाब नव्या बोल्टवरही तसाच येणार आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवून बघायला सांगा, उकळी यायच्या आत उघडायला हवा. रेडिएटर सोडलाच आहे तर त्यातून पाणी सोडून धार कशी येते तेही बघा. हे दोन्ही झालं की काय दिसलं ते इथेच लिहा, आणि सोबत काचेवर उभ्या केलेल्या बोल्टचा एक फोटो टाका.